डुगडुगणारा उभा दिवा

कोलकात्यातील सियालदह स्थानकावर डोक्यावर सामान घेऊन चालणारे हमाल नेहमी दिसतात. भार इतक्या उंचावर असूनही ते कोलमडत नाहीत; कारण तोल जाऊ लागताच ते पाऊल सरकवून भाराखाली आधार आणतात. घरातील उंच उभ्या दिव्यास पाऊल सरकवता येत नाही. त्याच्या स्थैर्याची तजवीज आधीच करावी लागते.

वस्तूच्या गुरुत्वमध्यातून जाणारी लंबरेषा पायाच्या आत पडते, तोवर ती वस्तू उलथत नाही. समजा, दिव्याचे वजन ३ किलोग्रॅम, गोल पायाची त्रिज्या १२ सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्य ६० सेंटिमीटर उंचीवर आहे. असा दिवा सुमारे ११ अंश कलताच उलथेल. पायावर आणखी ३ किलोग्रॅम वाळू ठेवल्यास गुरुत्वमध्य सुमारे ३२ सेंटिमीटरवर उतरतो. मग दिवा २० अंश कलूनही पुन्हा सरळ होतो. समईची बैठक रुंद व जड असते, ती याचसाठी.

प्रथम विजेची जोडणी काढावी. दांडा सैल असल्यास खालचा स्क्रू आवळावा. सैल दांड्यावर वजनाचा इलाज चालत नाही. फरशी उंचसखल असल्यास पायाखाली रबराची चकती घालावी. नंतर वाळूची लांबट पिशवी पायावर दांड्याभोवती सारखी गुंडाळून पक्की बांधावी. तार वजनाखाली दबू देऊ नये आणि वाटेत आडवी सोडू नये. कारण तारेत मुलाचे पाऊल अडकल्यास भक्कम पायाचा दिवाही खाली येतो.