कापसाच्या मुलखातील अमूर्त चित्र

वऱ्हाडच्या आग्नेय कोपऱ्यातला जो डोंगराळ भाग इंग्रजी अंमलात आरंभी वणीच्या नावाने दफ्तरी नोंदला गेला आणि १९०५ सालापासून यवतमाळ जिल्हा म्हणून ओळखला जाऊ लागला, त्याची ख्याती कापसामुळे. येथला कापूस मुंबईच्या गोदीपर्यंत सुखरूप पोहोचावा म्हणून किलिक निक्सन कंपनीने मूर्तिजापूरपासून यवतमाळपर्यंत अरुंद मापाचा लोहमार्ग टाकला, त्यावरच्या गाडीस लोकांनी पुढे प्रेमाने ‘शकुंतला’ म्हटले, आणि त्या गाडीतून गेलेल्या गठाणींचे धोतर झाले, लुगडे झाले, चादर झाली, हे कोणीही सांगू शकेल. परंतु त्याच धाग्याचे एक रूप चित्रकाराच्या घोडीवर चढते, याचे स्मरण या कापूसवाल्या मुलखातही फारसे कोणी ठेवीत नाही. तैलचित्रांच्या वैभवाच्या काळात युरोपात जवसाच्या खोडाच्या वाखाचे कापड श्रेष्ठ मानले जाई आणि मजबुतीच्या बाबतीत ते आजही श्रेष्ठच आहे. तथापि सामान्य चित्रकाराच्या हाती आज जो कॅनव्हास येतो तो बहुतेक वेळा जाड, घट्ट विणीचा सुती कपडाच असतो.

रंगीत अमूर्त चित्रे, आणि त्या चित्रांवर कागद, कापड, दोरा, वाळू आदी जिन्नस चिकटवून साधलेली मिश्र माध्यमाची कोलाजे, या कलाप्रकाराकडे आपल्याकडे परक्या मुलखातून आलेले एक शहरी कौतुक म्हणून पाहिले जाते. माझे म्हणणे याच्या उलट आहे. ज्या चित्रात देव, राजा, निसर्गदृश्य यांपैकी काहीच ओळखण्याजोगे नसते, त्या चित्रात ज्या द्रव्याने ते घडले ते द्रव्यच आशयाची जागा घेते. आणि द्रव्याची जाण हा शेतकऱ्याचा, सुताराचा, शिंप्याचा पिढीजात अधिकार असल्यामुळे अशा चित्राशी बोलण्यास यवतमाळचा मनुष्य कोणाहूनही कमी पात्र नाही.

चित्राचे शरीर कसे घडते ते प्रथम पाहावे. कॅनव्हास ज्यावर ताणायचा ती चौकट लाकडी असते, आणि साग तर या जिल्ह्याच्या जंगलांचे भूषणच. वखारीतून आणलेल्या पट्ट्यांची टोके पंचेचाळीस अंशांत कापून सांधली जातात. पट्टीची आतली कड किंचित उतरती तासावी लागते, नाहीतर ताणलेल्या कापडास ती मागून टेकते आणि काही दिवसांनी चित्रावर तिची सरळ रेघ उमटते. कापड ताणताना एका बाजूने खिळे ठोकीत जाऊ नये. प्रत्येक बाजूच्या मध्यावर एकेक खिळा मारून मग समोरासमोरच्या बाजूंनी कोपऱ्यांकडे सरकावे, म्हणजे वीण वाकडी होत नाही. नंतर येतो जेसोचा लेप. रंगद्रव्यास धरून ठेवणारा ॲक्रिलिक बंधक, टायटॅनियमचे शुभ्र रंगद्रव्य आणि कॅल्शियम कार्बोनेटची म्हणजे खडूची भुकटी, असे त्याचे घटक असतात. हे कॅल्शियम कार्बोनेट म्हणजेच वणी तालुक्यात ज्याच्यावर चुनाभट्ट्या चालत आल्या तो चुनखडक. पहिला हात आडवा, दुसरा उभा, मध्ये बारीक पॉलिश पेपरची हलकी घासणी, अशी दोन-तीन आवर्तने झाली की कापडाला एक दात येतो, ज्यात रंग पकड घेतो. कापूस, साग, चुनखडक, आणि काळ्या रंगाचे मूळ जे कार्बन त्याचा साठा असलेल्या वणीकडच्या कोळशाच्या खाणी, एवढे सारे ज्या जिल्ह्याच्या भूमीत आहे त्या जिल्ह्यास चित्राची सामग्री परकी कशी म्हणावी?

परका आहे तो बंधक, आणि त्याची हकिकत सांगण्याजोगी आहे. ऑटो रोम या जर्मन रसायनज्ञाने १९०१ साली ॲक्रिलिक आम्लापासून बनणाऱ्या बहुवारिकांवर आपला प्रबंध सादर केला. त्या संशोधनातून पुढे पारदर्शक, न फुटणारी काच निघाली आणि दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या चालककक्षांवर ती बसली. चित्रकारांच्या हाती हे द्रव्य पोहोचले ते युद्धोत्तर अमेरिकेत: आधी टर्पेंटाइनमध्ये विरघळणाऱ्या रंगाच्या स्वरूपात, आणि १९५३ साली रोम अँड हास कंपनीने पाण्यात तरंगत्या सूक्ष्म कणांचे दुधाळ पायस बाजारात आणल्यावर, १९५५ साली सिनसिनाटीच्या हेन्री लेव्हिसन यांच्या ‘लिक्विटेक्स’ या रंगाच्या रूपाने. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत शाईपासून आरंभ केलेल्या कॅम्लिनने आणि १९५९ साली फेव्हिकॉल आणणाऱ्या पिडिलाइटने पुढे आपल्याकडे असे रंग सर्वत्र पोहोचवले, इतके की तालुक्याच्या गावच्या स्टेशनरीच्या दुकानातही आज ॲक्रिलिकच्या बाटल्या व ट्यूबा मिळतात.

तैलरंग आणि ॲक्रिलिक यांतला मूलभूत भेद वाळण्याच्या रीतीत आहे. तेल हवेतील प्राणवायू शोषून हळूहळू घट्ट होते, त्याला दिवस लागतात, कधी आठवडे. ॲक्रिलिकमधले पाणी उडून जाते, बहुवारिकाचे कण एकमेकांस येऊन भिडतात, दाबले जातात आणि त्यांचा एकसंध, लवचिक पापुद्रा होतो, जो पुन्हा पाण्याने सुटत नाही. दहा अंशांच्या खालच्या थंडीत हे कण नीट जुळत नाहीत. पण यवतमाळच्या चित्रकारापुढे ती अडचण क्वचितच. त्याची परीक्षा वैशाखात होते. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर चढलेल्या दुपारी रंग कुंचल्यातून कॅनव्हासवर उतरेतो त्याच्या कडा धरू लागतात, दोन छटा एकमेकींत मिसळण्याचा अवसर मिळत नाही, आणि पॅलेटवरची ढेप वरून कातडे धरून बसते. म्हणून येथे काम करणारे पहाटेची वेळ साधतात, पॅलेटवर ओले फडके अंथरतात, फवाऱ्याने पाण्याची धूळ मारीत राहतात, रंगात वाळणे लांबवणारे द्रावण घालतात. परंतु पाण्याचा अतिरेक झाला की बंधक पातळ पडतो आणि रंगाची पकड कच्ची राहते, म्हणून अनुभवी मनुष्य पाण्याऐवजी रंगहीन माध्यम, म्हणजे रंगद्रव्याविना नुसता बंधक, मिसळून रंग पातळ करतो. आणखी एक बाब नवशिक्यास हमखास फसवते. ओले पायस दुधाळ असते, त्यामुळे ओला रंग खऱ्याहून फिकट दिसतो आणि वाळल्यावर गडद होतो. काल जुळवलेली छटा आज पुन्हा तशीच जुळवायची तर तिचा नमुना कागदावर वाळवून जवळ ठेवावा लागतो.

मात्र ही घाई हेच या माध्यमाचे सामर्थ्यही आहे. तैलरंगात जो थर चढवण्यास आठवडाभर थांबावे लागले असते तो ॲक्रिलिकमध्ये अर्ध्या तासात चढवता येतो, आणि म्हणून एकाच बैठकीत दहा-दहा थर देऊन, कुठे पारदर्शक हात फिरवून, कुठे सुरीने जाड लगदा थापून, कुठे वरचा थर ओला असतानाच फडक्याने पुसून खालचा उघडा पाडून, चित्राला खोली आणता येते. खाली गडद निळा, त्यावर पळसाच्या फुलाचा केशरी, त्यावर राखाडीचा विरळ हात, आणि मग ओल्या राखाडीत कुंचल्याच्या मागच्या टोकाने ओढलेली एक रेघ, जिच्यातून केशरी जळत वर येतो: या तीन थरांत जे घडते त्याला विषय नाही, पण क्रम आहे, आणि क्रम बदलला तर चित्र बदलते. अमूर्त चित्र वाटेल तसे फासलेले असते, ही समजूत बाळगणाऱ्याने एकदा तरी हे तीन थर स्वहस्ते देऊन पाहावेत.

कोलाजचा प्रवेश आधुनिक चित्रकलेत १९१२ साली झाला. त्या वर्षी पिकासोने वेताच्या विणीचा छाप असलेला मेणकापडाचा तुकडा आपल्या चित्रावर चिकटवून चौकटीच्या जागी दोर गुंडाळला, आणि त्याच वर्षी ब्राकने भिंतीवर लावायच्या छापील कागदाच्या पट्ट्या वापरल्या. ॲक्रिलिक आल्यानंतर ही रीत विशेष फोफावली, कारण त्याचे रंगहीन माध्यम हा स्वतःच एक उत्तम डिंक आहे; जो पदार्थ रंगास धरून ठेवतो तोच कागदासही धरून ठेवतो. पातळ कागद चिकटवताना खाली माध्यमाचा हात, वर कागद, मध्यापासून कडेकडे रबरी रुळाने दाब देऊन हवेचे फुगे बाहेर, आणि त्यावर पुन्हा माध्यमाचा हात, असे करावे लागते. वर्तमानपत्राचा कागद मोहक दिसतो, पण त्यातील लिग्निनमुळे तो उजेडात पिवळा पडून ठिसूळ होतो. दोन्ही बाजूंनी माध्यमात बंद केल्याने त्याचा ऱ्हास मंदावतो, थांबत नाही. टिकाऊपणाची आस असलेल्याने हातकागद वापरावा. आणि बाजार समितीच्या आवारात पडलेल्या फाटक्या बारदानाचा तुकडा घ्यावा, त्याची विसविशीत वीण जाड लगद्यात दाबावी, वाळल्यावर तिच्यावरून जवळजवळ कोरडा कुंचला फिरवावा. उंच धागे रंग घेतात, खोल भोके खालच्या रंगाची राहतात, आणि काळ्या मातीच्या भेगाळलेल्या शेताचा भास न रेखाटताच होतो.

मिश्र माध्यमाची ही दृष्टी येथे विदेशातून यावी लागली असे मानण्याचे कारण नाही. पोळ्याच्या दिवशी बैलाची शिंगे रंगवून त्यांवर चकाकती बेगड चिकटवणारा शेतकरी, रंग कोठे संपावा आणि चकाकी कोठे सुरू व्हावी याचा निर्णय घेतच असतो. त्याहून श्रेष्ठ उदाहरण बंजारा स्त्रियांचे. पुसद, दिग्रस, दारव्हा या भागांतील तांड्यांवर जुन्या फेटिया म्हणजे घागरे व कांचळ्या म्हणजे चोळ्या जपून ठेवलेल्या आढळतात. त्यांतली एखादी कांचळी हातात घेऊन डोळ्यांजवळ आणावी. लाल खादीच्या पायावर काळ्या, पिवळ्या, हिरव्या कापडाचे त्रिकोण व पट्ट्या शिवलेल्या. त्यांच्या सांध्यांवर टाक्यांच्या रांगा. मध्ये धाग्याच्या कड्यात बसवलेले आरसे. कडेला कवड्या, आणि कुठे कुठे शिशाचे किंवा चांदीचे मणी. यात फूल नाही, पक्षी नाही, माणूस नाही. निव्वळ रंगाशेजारी रंग, मऊ कापडाशेजारी थंड काच, आणि या दोहोंचा तोल राखणारा कवडीचा पांढरा रंग. आधुनिक कलेच्या इतिहासात १९१२ सालास जे महत्त्व दिले जाते ते योग्यच आहे. पण ज्या इतिहासात या कांचळीस स्थान नाही तो मला अपुरा वाटतो.

आपल्या प्रांतातून जे चित्रकार या वाटेने गेले त्यांची नावेही येथे घेतली पाहिजेत. सय्यद हैदर रझा हे जुन्या मध्य प्रांत व वऱ्हाडातलेच, मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावी जन्मलेले. १९३९ ते १९४३ या काळात त्यांनी नागपूरच्या कलाशाळेत शिक्षण घेतले. पुढे फ्रान्समध्ये स्थायिक झाल्यावर १९६२ साली ते अमेरिकेतील बर्कलीस अध्यापनासाठी गेले, तेथे त्यांचा ॲक्रिलिकशी निकटचा परिचय झाला, आणि ज्या बिंदूचित्रांनी त्यांचे नाव जगभर झाले त्यांतली बरीचशी याच माध्यमात उतरली. वासुदेव गायतोंडे १९२४ साली नागपुरात जन्मले. ते तैलरंगच वापरीत, पण रुळाने थर पसरावे, कागदाचे फाडलेले तुकडे ओल्या रंगावर ठेवून दाबावेत आणि उचलून घ्यावेत, ही त्यांची कार्यपद्धती कोलाजच्या इतकी जवळची आहे की तिला उलटे कोलाज म्हणता येईल: तुकडा चिकटून राहत नाही, त्याची खूण राहते. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने २०१४ साली त्यांचे समग्र प्रदर्शन भरवले.

या विषयाशी सर्वांत थेट नाते मोहन सामंत यांचे. तेही १९२४ सालचेच, मुंबईचे. जे. जे. कलाशाळेत त्यांना शंकर पळशीकर हे गुरू लाभले, आणि पळशीकर मूळचे भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीचे, म्हणजे विदर्भाचे ऋण येथेही आहेच. १९५२ साली पदविका, १९५९ पासून रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्क, आणि १९६८ पासून तेथेच कायमचे वास्तव्य. रंगात वाळू, लगद्यात कागदाचे कातरलेले आकार, त्यांवर तारेने काढलेल्या रेषा, असे नाना जिन्नस त्यांनी एकाच कॅनव्हासवर नांदवले. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात असलेले त्यांचे १९६३ सालचे ‘ग्रीन स्क्वेअर’ हे चित्र कृत्रिम बहुवारिक रंग, वाळू आणि तैलरंग यांनीच घडले आहे. सामंत आयुष्यभर सारंगी वाजवीत. त्यांचे नाव त्यांच्या समकालीनांच्या मानाने महाराष्ट्रात फार कमी घेतले जाते, ही उणीव आपली आहे आणि ती भरून काढणे आपल्या हाती आहे.

यवतमाळच्या शाळांतील मुले वर्षानुवर्षे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र असे विषय असतात, आणि त्यांतल्या संकल्पचित्रात भूमितीच्या आकारांनी चौकोन भरताना अनेक मुलांना नकळत अमूर्त रचनेची पहिली गोडी लागते. पुढे प्रमाणपत्र ट्रंकेत जाते आणि मामला तेथेच संपतो. ज्यांना पुढे जायचे असेल त्यांनी मराठीत प्रभाकर बरवे यांचे १९९० साली प्रसिद्ध झालेले ‘कोरा कॅनव्हास’ अवश्य वाचावे. चित्रकाराचे मन द्रव्यासमोर कसे काम करते याचा इतका प्रामाणिक शोध आपल्या भाषेत विरळा आहे. आणि वाचनाच्या जोडीला एक सुती तुकडा, पाच ट्यूबा व जेसोचा डबा घेऊन हात घालावा. लाल, पिवळा, निळा, पांढरा, काळा: आरंभास एवढे पुरे.

चित्र पूर्ण झाल्यावर त्याची निगा हा या प्रदेशात विशेष काळजीचा विषय आहे. ॲक्रिलिकचा पापुद्रा उन्हाळ्यात मऊ पडतो, त्याला धूळ धरते, आणि दोन चित्रे समोरासमोर टेकवून ठेवली तर ती एकमेकांस चिकटून सोलवटतात. प्लॅस्टिकच्या कागदात घट्ट गुंडाळणे तर चित्राचा घातच. म्हणून रंग पुरता वाळल्यावर त्यावर आधी रंगहीन माध्यमाचा एक हात, आणि त्यावर पुढे द्रावकाने काढता येईल असे व्हार्निश द्यावे, म्हणजे काही वर्षांनी मळलेले व्हार्निश उतरवून नवे चढवता येते आणि खालच्या चित्रास धक्का लागत नाही. ॲक्रिलिकवर तैलरंग चालतो, तैलरंगावर ॲक्रिलिक टिकत नाही, हा नियम मिश्र माध्यमात कधीही मोडू नये. चित्राच्या पाठीवर केवळ सही व साल न लिहिता कोणते रंग, कोणता कागद, कोणता डिंक, कोणते व्हार्निश वापरले याची नोंद पेन्सिलीने चौकटीच्या लाकडावर करून ठेवावी. ते चित्र दुरुस्त करण्याचा प्रसंग येईल तेव्हा ज्याच्या हाती ते काम जाईल त्याला पहिला आधार त्या चार ओळींचाच असतो.