वहीत नसलेली मुलं

1996 साली कर्नाटकातल्या कुंदापूरला एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली. आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतून आलेले प्रतिनिधी म्हणजे कष्ट करून कमावणारी मुलं-मुली. त्यांनी दहा कलमी ठराव केला. ‘आम्हाला कामातून सोडवा’ असं त्यात असेल, असं आपल्याला वाटतं. ते नव्हतंच. शोषण नको, पण मानाचं काम हवं. अभ्यासाला आणि विश्रांतीला वेळ उरेल इतकेच तास हवेत. आणि आम्ही बनवलेल्या मालावर बहिष्कार नको!

बहिष्काराची धास्ती उगाच नव्हती. त्याच दशकात, बालमजुरांनी बनवलेला माल अडवणारं विधेयक अमेरिकेत आलं. ते मंजूर व्हायच्या आतच बांगलादेशातल्या कपडे कारखानदारांनी हजारो मुलांना काढून टाकलं. त्यातली कित्येक शाळेत न जाता खडी फोडायला गेली.

मुलांना विचारायला तर हवंच होतं: 1989 च्या बालहक्क करारातलं 12 वं कलम म्हणतं, मुलाशी संबंधित बाबतीत त्याचं मत विचारात घ्या. पुढच्याच वर्षी आफ्रिकी देशांनी आपली वेगळी सनद केली. तिच्या 31 व्या कलमात मुलांची कर्तव्यंही आहेत: वडीलधाऱ्यांचा मान राखणं, अडीनडीला त्यांना हात देणं. आपल्या आज्यांना हे कलम वाचून दाखवलं असतं, तर ‘यात नवीन ते काय?’ असंच त्या म्हणाल्या असत्या.

आपलं म्हणणं मांडणारी मुलं बोलिव्हियातही आहेत; तिथे कामकरी मुलांची संघटना आहे. ला पाझच्या रस्त्यांवर बूट पॉलिश करणारी मुलं ओळख लपवायला तोंड झाकून बसतात, त्याच देशात. मुलांच्या कामावरच्या सरसकट बंदीविरुद्ध या संघटनेतली मुलं 2013 मध्ये रस्त्यावर उतरली आणि पोलिसांनी त्यांच्यावर अश्रुधूर सोडला. 2014 च्या कायद्याने दहाव्या वर्षापासून, अटी घालून, स्वतःचं काम करायला परवानगी दिली. जगभर टीका झाली. 2017 मध्ये घटना न्यायाधिकरणाने ती सवलत रद्द केली आणि वयाची अट पुन्हा 14 वर गेली. मला दहा वर्षं पटत नाहीत. पण त्या कायद्याने ऊसतोडणी धोकादायक ठरवून मुलांना मना केली होती, हे मात्र नोंदवायला हवं.

आपल्याकडे 2016 च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालच्यांना कामावर ठेवायला बंदी आली. कुटुंबाच्या उद्योगात शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत मदत करायला मात्र मोकळीक आहे. ‘मदत’ हा शब्द फार सोयीचा आहे. ऊसतोडणीच्या फडात आई-बाप ऊस तोडतात, पोरगी वाढं गोळा करते, मोळ्या बांधायला हात लावते, कोपीवर धाकट्याला सांभाळते. पहाटे गाडी भरायची असली, तर झोपेतून तीही उठते. मुकादमाच्या हिशेबात एक कोयता म्हणजे नवरा-बायको. आगाऊ उचल त्या दोघांच्या नावावर, मजुरी त्या दोघांची. पोरीचं नाव वहीत नसतं.