ग्राफिक्स कार्ड अडकते तेव्हा

संगणकावर काम चालू असताना पडदा एकदम काळा होतो, दोन-तीन सेकंदांत पुन्हा उजळतो आणि सगळे पूर्ववत सुरू होते. केबल सैल असेल, असे म्हणून आपण ते विसरून जातो. खरे तर तेवढ्या वेळात संगणकातले एक यंत्र बंद पडलेले असते, ते बंद पडल्याचे ओळखले गेलेले असते आणि त्याला पुन्हा उभेही केले गेलेले असते.

ते यंत्र म्हणजे ग्राफिक्स कार्ड. त्याला संगणकाच्या आतला दुसरा संगणकच म्हणायला हरकत नाही. त्याची स्वतःची मेमरी असते आणि त्याच्या चिपमध्ये आकडेमोड करणारे हजारो छोटे घटक असतात. या मजुरांना कामे वाटून देणारा मुकादम म्हणजे फर्मवेअर, चिपमधल्या छोट्या नियंत्रकावर चालणारा प्रोग्राम. इंटेलच्या चिपमध्ये या मुकादमाला ‘गक’ म्हणतात, एनव्हीडियाच्या चिपमध्ये ‘जीएसपी’. कामाची यादी घेऊन मुकादमाकडे जाणारा आणि उत्तराची वाट पाहणारा तो ड्रायव्हर. मुकादमच गप्प झाला, तर मजूर धडधाकट असूनही काम ठप्प होते.

अडचण अशी, की अडकलेला मुकादम ‘मी अडकलो’ असे सांगू शकत नाही. त्याचे गप्प राहणे हेच बहुतेकदा पहिले लक्षण. त्यामुळे ड्रायव्हरला घड्याळ लावून बसावे लागते. २००७ मध्ये घराघरांत पोहोचलेल्या विंडोज व्हिस्टाने ही पद्धत रूढ केली. दोन सेकंदांत कार्डाने दाद दिली नाही, तर ते अडकले असे मानायचे आणि त्याला नव्याने सुरू करायचे. त्याआधी अशा वेळी अख्खा संगणकच बंद करून चालू करावा लागे. मात्र यालाही मर्यादा आहे. एका मिनिटात पाचपेक्षा जास्त वेळा असे घडले, तर विंडोज प्रयत्न सोडून देते आणि निळा पडदा दाखवते.

सुटकेचे उपाय सौम्याकडून कडक असे चढत जातात. आधी फक्त अडकलेले काम काढून टाकले जाते. तेवढ्याने भागले नाही, तर पूर्ण चिप पुसून नव्याने सुरू होते. अशा वेळी कार्डाच्या मेमरीतला मजकूर जातो आणि चालू गेम किंवा व्हिडिओ संपादनाचे काम बंद पडते. फर्मवेअरच कोलमडले असेल, तर डिस्कवरची त्याची प्रत पुन्हा चिपमध्ये भरावी लागते. पण काही फर्मवेअर कार्डावरच कायमचे साठवलेले असते. तेच बिघडले, तर ड्रायव्हरच्या हातात फारसे काही उरत नाही.

‘आता माझ्याच्याने होत नाही’ हे ड्रायव्हरने कोणाला आणि कसे सांगायचे? लिनक्समध्ये याला बराच काळ ठरलेले उत्तर नव्हते. प्रत्येक कंपनीचा ड्रायव्हर नोंदवहीत आपापल्या भाषेत एखादी ओळ लिही आणि तिचा अर्थ लावणे संगणक सांभाळणाऱ्यावर सोडलेले असे. २०२५ मध्ये आलेल्या लिनक्स कर्नलच्या ६.१५ या आवृत्तीत यासाठी एक समान रीत आली आणि ती लिहूनही ठेवली गेली. हाताबाहेर गेलेल्या कार्डाला ‘वेज्ड’ म्हणजे पाचर बसल्यासारखे अडकलेले म्हणायचे. ड्रायव्हरने तसे जाहीर करायचे आणि सोबत उपायही सांगायचा. काहीच करायची गरज नाही, फक्त नोंद घ्या. ड्रायव्हर सोडवून पुन्हा जोडा. किंवा कार्ड ज्या मार्गाने संगणकाला जोडलेले आहे, तिथपासून ते नव्याने सुरू करा. उपाय अनेक असतील, तर कमी नुकसानीचा आधी.

पुढे यात आणखी एक उपाय आला: कार्ड बनवणाऱ्या कंपनीने ठरवलेली खास पद्धत. इंटेलच्या ‘एक्सई’ ड्रायव्हरला तिची गरज होती. फर्मवेअरमध्ये गंभीर बिघाड झाला, तर हा ड्रायव्हर कार्डाला केवळ तगून राहण्याच्या अवस्थेत नेतो. पडद्यावर चित्र काढणे थांबते, पण नवे फर्मवेअर स्वीकारण्यापुरते कार्ड जागे राहते. कार्ड फेकून देण्याची वेळ त्यामुळे टळू शकते.

उपायांइतकीच या दस्तऐवजातली कर्तव्यांची यादी महत्त्वाची आहे. अडकल्याचे जाहीर करण्याआधी ड्रायव्हरने कार्डाचा संगणकाच्या मुख्य मेमरीशी असलेला संबंध तोडायचा, कारण बिघडलेले कार्ड तिथे भलतेच काही लिहून ठेवू शकते. कार्डाची वाट पाहत थांबलेल्या कामांना मोकळे करायचे आणि नव्या मागण्या नाकारायच्या. दुरुस्ती करणाऱ्यानेही आधी कार्ड वापरणारे प्रोग्राम बंद करायचे. बिघाडाचा पुरावाही दुरुस्तीआधीच जपून ठेवलेला बरा, कारण चिप पुसली की तोही पुसला जातो.

हे सगळे पडद्यावरच्या चित्रापुरते असते, तर एवढा खटाटोप कशाला? पण सीटी स्कॅनच्या मोजमापांतून शरीराच्या आतले चित्र उभे करण्यासाठीही हेच प्रोसेसर वापरले जातात आणि कृत्रिम बुद्धिमत्ता तर त्यांच्यावरच चालते. मेटा कंपनीने २०२४ मध्ये ‘लामा ३’ या भाषा-प्रारूपाच्या प्रशिक्षणाचा तपशील प्रसिद्ध केला. १६,३८४ ग्राफिक्स प्रोसेसरवर चाललेल्या या कामात ५४ दिवसांत ४१९ वेळा अनपेक्षित खंड पडला. त्यांपैकी १४८ खंड प्रोसेसरमधल्या बिघाडांमुळे होते. तरीही माणसाला मोठा हस्तक्षेप करावा लागला तो फक्त तीनदा. बाकीचे यंत्रणेनेच निभावले. कोणत्या बिघाडावर काय करायचे हे आधी नेमके ठरलेले असेल, तरच हे जमते. ठरलेले नसेल, तर वीज बंद करून पुन्हा चालू करणे एवढाच उपाय हाती राहतो आणि त्यात त्या संगणकावर चाललेली इतरांची कामेही बुडतात.

घरच्या संगणकासाठीही यातून घेण्यासारखे आहे. विंडोजवर पडदा गोठला, तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबून पाहाव्यात. त्याने ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो आणि उघड्या फाइली सहसा शाबूत राहतात. असे क्वचित घडले, तर काळजीचे कारण नाही. वारंवार घडू लागले, तर आधी महत्त्वाच्या कामाची दुसरी प्रत करून ठेवावी. मग विंडोजच्या ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये ४१०१ क्रमांकाची नोंद शोधावी. ड्रायव्हर थांबून पुन्हा सुरू झाल्याची ती खूण. पंख्यात अडकलेली धूळ, वाढलेले तापमान आणि जुना ड्रायव्हर तपासून पाहावा. दुरुस्तीवाल्याकडे जाताना ‘पडदा जातो’ एवढेच न सांगता तो नोंद-क्रमांक आणि वेळ कागदावर लिहून न्यावी.