शरणपूरचे आफ्रिकी ख्रिस्ती आणि दुःखाचे ओझे

ख्रिस्ती धर्मात दुःखाला जे स्थान आहे त्याविषयी दोन समज रूढ आहेत. ज्या धर्माचे चिन्हच वधस्तंभ, त्यात दुःख हेच पुण्य मानलेले असले पाहिजे, हा पहिला. जे वाट्यास येईल ते निमूटपणे सोसणे हाच त्या धर्माचा उपदेश होय, हा दुसरा. या दोन्ही समजांची परीक्षा ग्रंथांवरून करता येईल. परंतु आमच्या मते प्रत्यक्ष माणसांच्या चरित्रांवरून ती अधिक चांगली होते. अशी चरित्रे पाहण्यास फार दूर जावयास नको. ती नाशिकच्या शरणपुरात सापडतात.

नाशिकास चर्च मिशनरी सोसायटीचे काम १८३२ च्या सुमारास सुरू झाले. नगराच्या पश्चिमेस शरणपूर ही स्वतंत्र ख्रिस्ती वसाहत उभी राहिली ती त्यानंतर सुमारे वीस-बावीस वर्षांनी, रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांच्या खटपटीने. अशा वसाहतीची गरज का पडली हे त्या काळची समाजस्थिती पाहिल्यास कळून येते. बाप्तिस्मा घेणाऱ्यास घर, जात व पाणवठा ही सर्व एकदम अंतरत. धर्मांतरामुळे वारसाहक्क बुडू नये असा कायदा १८५० साली झाला (त्या सालचा २१ वा कायदा). परंतु कायद्याने जमिनीतील हिस्सा टिकला तरी शेजार टिकत नसे, आणि शेजाराबरोबर धंदाही जाई. म्हणून राहण्यास जागा व पोटास उद्योग देणारे गाव हवे होते. ‘शरणपूर’ हे नाव या दृष्टीने अगदी सार्थ होय.

या गावात लवकरच निराळ्या प्रकारचे शरणागत आले. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून गुलाम भरून नेणारी गलबते इंग्रजी आरमार अडवीत असे. त्यांतून सुटलेली मुले मुंबईस आणली जात, आणि त्यांचे करावयाचे काय हा प्रश्न सरकारपुढे उभा राही. त्यांपैकी पुष्कळांना शरणपूरच्या आफ्रिकी अनाथाश्रमात ठेवण्यात आले. तेथे त्यांना लेखन-वाचन व धर्मशिक्षण मिळे; शिवाय लोहारकाम, सुतारकाम यांसारखे धंदेही शिकवीत. त्यांची जन्मनावे बहुतेक लोपली आणि इंग्रजी नावांनीच ती पुढे ओळखली जाऊ लागली.

एकाच गावात दोन प्रकारची दुःखे अशी शेजारी नांदू लागली. एतद्देशीय ख्रिस्त्याचे दुःख त्याच्या निश्चयाचे फळ होते. त्याने एक वाट धरली आणि तिची किंमत मोजली. येशूने आपल्या शिष्यांस वधस्तंभ उचलावयास सांगितले ते याच अर्थाने. जो उचलावयाचा तो आपण होऊन उचलावयाचा असतो. आफ्रिकी मुलांच्या दुःखात निश्चयाचा लेशही नव्हता. त्यांना झोपेतून, शेतातून, आईच्या जवळून ओढून नेलेले होते. अशा दुःखाला वधस्तंभ म्हणणे म्हणजे चोराच्या अपराधाला देवाची आज्ञा म्हणण्यासारखे आहे. येशूने रोग्यास रोग सोसत राहण्यास सांगितले नाही, त्याला बरे केले; ही गोष्ट शुभवर्तमानांत वारंवार येते. तेव्हा अन्यायाचे दुःख सोसावयाचे नसून निवारावयाचे असते, हाच ख्रिस्ती उपदेशाचा खरा आशय दिसतो.

दुःख भोगलेला मनुष्य तेवढ्यानेच थोर होत नाही, हेही शरणपूरच्याच इतिहासावरून दिसते. १८६५ साली डॉक्टर डेव्हिड लिव्हिंग्स्टन मुंबईस आला असता आपल्या पुढील आफ्रिकाप्रवासासाठी त्याने नाशिकचे नऊ तरुण बरोबर घेतले. प्रवास १८६६ मध्ये सुरू झाला. त्यांच्या आळसाविषयी व बेपर्वाईविषयी लिव्हिंग्स्टनच्या रोजनिशीत कडक तक्रारी आहेत. वाटेत काही मेले, काही त्याला सोडून गेले, आणि अखेरपर्यंत टिकले ते थोडेच. ज्यांचे बालपण गुलामीत चिरडले गेले त्यांच्याकडून एकदम संतवृत्तीची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. परंतु दुःखाने माणूस आपोआप शुद्ध होतो असे मानणारांनी या नोंदी दृष्टीआड करू नयेत.

यानंतर १८७२ मध्ये नाशिकचे आणखी काही तरुण लिव्हिंग्स्टनच्या साहाय्यार्थ गेले. जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन व कॅरस फरार हे त्यांतलेच. १ मे १८७३ च्या सुमारास, आजच्या झांबिया देशातील चितांबो नावाच्या मुखियाच्या गावी लिव्हिंग्स्टन मरण पावला. अनुयायांनी त्याचे हृदय तेथेच एका झाडाखाली पुरले. जेकबने अंत्यविधीची प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर लेख कोरला. नंतर शव सुकवून, गुंडाळून, ते सर्वजण समुद्राकडे निघाले.

हा निर्णय त्यांच्यावर कोणी लादला नव्हता. उलट ऑक्टोबर १८७३ मध्ये टबोरा येथे भेटलेल्या लेफ्टनंट कॅमेरनने शव तेथेच पुरावे असा सल्ला दिला. तो त्यांनी मानला नाही. पुढे आपल्या मुलखातून प्रेत नेऊ देण्यास लोक विरोध करू लागले, तेव्हा त्यांनी खोटी मोट बांधून ती परत पाठविल्याचा देखावा केला आणि खरे शव कापडाच्या गाठोड्यासारखे बांधून पुढे नेले. सुमारे नऊ महिन्यांनी, फेब्रुवारी १८७४ मध्ये, ते बागामोयोच्या किनाऱ्यास पोचले. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले, त्या वेळी जेकब तेथे उपस्थित होता.

येथे एक खुलासा अवश्य आहे. या मंडळींचे पुढारी सुसी व चुमा हे शरणपूरच्या शाळेतले नव्हते; सुसीने तर बाप्तिस्मा घेतला तो १८८६ साली. तेव्हा ही निष्ठा केवळ ख्रिस्त्यांची होती असे म्हणता येणार नाही. परंतु नाशिकच्या तरुणांपुरते बोलावयाचे तर, ज्यांना एकेकाळी माल म्हणून वाहून नेले होते त्यांनी या वेळी स्वखुशीने दुसऱ्याचे ओझे खांद्यावर घेतले, एवढे निश्चित आहे.

याच विचाराची दुसरी साक्ष विल्यम जोन्स याच्या चरित्रात आहे. तोही शरणपूरचाच. तो १८६४ साली मोंबासाकडे गेला आणि १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टन यांनी त्याला डीकनची दीक्षा दिली. त्याच वर्षी २९ ऑक्टोबर रोजी हॅनिंग्टन यांचा बुसोगात वध झाला. मागे ठेवलेल्या तांड्यास किनाऱ्यापर्यंत सुखरूप परत आणण्याचे काम जोन्सने केले. पुढे मोंबासाजवळील रबाई येथे मालकांकडून पळून आलेले शेकडो गुलाम त्याच्या आश्रयास राहू लागले. अशांना ठेवून घेण्यास मिशनच्या वरिष्ठांचा विरोध होता, आणि मालक तर हत्यार उपसण्याच्या बेतात होते. अखेर १८८९ च्या आरंभी इंग्रजांच्या पूर्व आफ्रिका कंपनीने मालकांना पैसे भरून सुमारे १४०० गुलामांस मोकळे केले. जो स्वतः शरणागत म्हणून वाढला त्याने दुसरे शरणपूर वसविले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

प्राइस १८७४ मध्ये पूर्व आफ्रिकेस गेले आणि १८७५ मध्ये मोंबासाजवळ फ्रीअरटाउन ही मुक्त गुलामांची वसाहत स्थापन झाली. नाशिकचे बहुतेक आफ्रिकी ख्रिस्ती तिकडे गेले व येथील आश्रम संपला. जेकब वेनराइटची गोष्ट मात्र गोड शेवटाची नाही. लंडनमध्ये त्याचा गौरव झाला. परंतु आफ्रिकेत परतल्यावर त्याचे पुढील दिवस हलाखीत गेले आणि १८९२ मध्ये उरांबो येथे तो दूर, एकाकी असा वारला. दुःखाचा मोबदला याच जन्मी मिळतो असे सांगणाऱ्यास त्याच्या चरित्रात आधार नाही.

पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या एकाच अध्यायात दोन उपदेश आहेत: एकमेकांची ओझी वाहावीत, आणि प्रत्येकाने आपला भार आपण वाहावा. वरवर पाहता ते परस्परविरुद्ध वाटतात. शरणपूरच्या या मंडळींकडे पाहिले म्हणजे त्यांचा मेळ बसतो. दुसऱ्याने अन्यायाने लादलेले ओझे उतरविण्यास सर्वांनी हात लावावा. उतरल्यावर मोकळ्या झालेल्या खांद्यावर काय घ्यावयाचे हे ज्याचे त्याने ठरवावे. ख्रिस्ती जीवनात दुःखाचे स्थान या दुसऱ्या निवडीत आहे, पहिल्या ओझ्यात नाही. आज शरणपूर हा नाशिक शहराचाच एक भाग आहे आणि शरणपूर रोडवर रात्रंदिवस रहदारी असते. त्या नावाचा उच्चार करणारांनी, तेथे कोण शरण आले होते आणि पुढे त्यांनी कोणाला शरण दिली, एवढे तरी ध्यानात ठेवावे, अशी आमची विनंती आहे.