वणवा आणि कार्बनचा हिशेब

भूगोलाच्या पुस्तकातील सॅव्हाना आपल्या ओळखीचा आहे. पुरुषभर उंचीचे गवत, त्यात विखुरलेली छत्रीसारखी झाडे, एखादा जिराफ आणि सावलीत पहुडलेला सिंह. पावसाळ्यात हे गवत किती फुटांपर्यंत वाढते तेही आपण पाठ करतो. पण पावसाळा संपल्यावर एवढ्या गवताचे पुढे काय होते, हा प्रश्न निदान मला तरी परीक्षा होईपर्यंत पडला नव्हता. त्याचे उत्तर असे की थोडे गवत जनावरे खातात, थोडे वाळवी खाते आणि उरलेल्यापैकी बरेचसे जळते.

उपग्रहांनी टिपलेला आफ्रिकेचा नकाशा पाहिला की हे जळणे डोळ्यांत भरते. डिसेंबर-जानेवारीत सेनेगलपासून दक्षिण सुदानपर्यंत आगीच्या ठिपक्यांचा आडवा पट्टा दिसतो. जुलै-ऑगस्टमध्ये तो पट्टा विषुववृत्त ओलांडून अंगोला, झांबिया, मोझांबिक या भागात गेलेला असतो. कोरडा ऋतू सरकतो तशी आग सरकते. पृथ्वीवर दरसाल जेवढी जमीन जळते तिच्यापैकी निम्म्याहून अधिक एकट्या आफ्रिकेत आहे. जगातील सर्व वणव्यांतून वर्षाला सुमारे २०० कोटी टन कार्बन हवेत जातो आणि त्यातला मोठा वाटा सॅव्हानाचा असतो. तुलनेसाठी सांगायचे तर कोळसा, तेल आणि नैसर्गिक वायू जाळून माणूस वर्षाला सुमारे १,००० कोटी टन कार्बन हवेत सोडतो. वणव्यांच्या धुराचाही असा हिशेब मांडला पाहिजे, याकडे १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ज्यांनी जगाचे लक्ष वेधले त्यांत पॉल क्रुट्झेन हे प्रमुख होते. पुढे १९९५ साली ओझोनवरील संशोधनासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हे आकडे ऐकल्यावर माझ्या एका मित्राने लगेच निकाल दिला, "मग हे वणवे विझवून टाका, म्हणजे पाचवा हिस्सा काम झाले!" वरवर पाहता बरोबर वाटणारे हे गणित मुळातच चुकते. ते कसे, हे समजण्यासाठी एक किलो वाळलेले गवत जाळून पाहू, अर्थात कागदावरच.

वाळल्या गवताच्या वजनात जवळजवळ निम्मा कार्बन असतो. किलोभर गवत जळाले की सुमारे १,६५० ग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड तयार होतो. (किलोभर गवतातून दीड किलोच्यावर वायू कसा निघाला, असे दचकायचे कारण नाही, जास्तीचे वजन हवेतून घेतलेल्या ऑक्सिजनचे.) आता हा कार्बन आला कोठून? गेल्या पावसाळ्यात त्याच गवताने हवेतून ओढून घेतला होता. पुढच्या पावसाळ्यात जळक्या जागी नवे गवत उगवेल आणि जवळजवळ तेवढाच कार्बन पुन्हा ओढून घेईल. म्हणजे ही उसनवारी आहे. शेजारणीकडून वाटीभर साखर न्यावी आणि महिन्याचे सामान आले की परत करावी, तसा हा व्यवहार. शिवाय गवत जळले नसते, तरी कुजून किंवा वाळवीच्या पोटात जाऊन त्यातला बहुतेक कार्बन हवेत गेलाच असता. कोळशातला कार्बन मात्र कोट्यवधी वर्षे जमिनीखाली पडून होता. तो हवेत आला की नुसती भर पडते, परतफेडीचा प्रश्नच उद्भवत नाही.

पण गवताची परतफेड संपूर्ण नसते. आगीच्या धगीत सगळे गवत नीट जळत नाही, काही धुमसते. त्यामुळे किलोभर गवतामागे साधारण दोन ग्रॅम मिथेन आणि सुमारे ०.२ ग्रॅम नायट्रस ऑक्साइड निघतो. आकडे क्षुल्लक दिसतात. मात्र शंभर वर्षांचा विचार केला तर वजनास वजन मिथेन कार्बन डाय-ऑक्साइडच्या सुमारे २८ पट आणि नायट्रस ऑक्साइड सुमारे २७० पट उष्णता अडवतो. गुणाकार करून पाहावा. दोन्ही मिळून शंभराहून थोडे अधिक ग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइडइतका परिणाम होतो. पुढच्या पावसात उगवणारे गवत हे वायू परत घेऊ शकत नाही. तेव्हा १,६५० ग्रॅमचा आकडा मोठा असला, तरी खरा हिशेब या शंभर-सव्वाशे ग्रॅमांचा आहे.

दुसरा हिशेब झाडांचा. वारंवार आग लागली की कोवळी रोपे दरवर्षी जळून पुन्हा बुंध्यापासून फुटतात आणि त्यांचे झाड काही होत नाही. याचे नामी उदाहरण टांझानियातील सेरेंगेटीचे. १८९० च्या सुमारास गुरांच्या बुळकांडी रोगाने पूर्व आफ्रिकेत थैमान घातले. विल्डबीस्ट हा हरणांच्या गोतातला, पण दिसायला गाईसारखा प्राणी. त्याचे कळप या रोगाने रोडावले. खाणारे तोंड कमी झाल्याने गवत उभे राहू लागले आणि उभे गवत जळू लागले. पुढे पाळीव गुरांना लस टोचली गेली, रोग हटला आणि १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस विल्डबीस्टांची संख्या बारा लाखांच्या वर गेली. त्यांनी गवत फस्त केले, वणवे घटले, झाडे वाढली. तेथील भूमी कार्बन सोडणारी होती ती साठवणारी झाली असावी, असे गणित २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी मांडले. गुरांना दिलेल्या लशीने हवेतील कार्बनचा ताळेबंद बदलावा, ही गोष्ट मला तरी कादंबरीपेक्षा सुरस वाटते.

तर मग आग पूर्ण थांबवावी काय? दक्षिण आफ्रिकेच्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानात १९५४ पासून यावर प्रयोग चालू आहे. जमिनीचे काही तुकडे दरवर्षी जाळायचे, काही दोन-तीन वर्षांनी, काही कधीच नाही. साठाहून अधिक वर्षांनंतर पाहिले तेव्हा न जाळलेल्या तुकड्यांत कार्बन वाढला होता खरा, पण अपेक्षेपेक्षा बराच कमी. कारण सॅव्हानाची खरी तिजोरी जमिनीखाली, मुळांत आणि मातीत असते. आगीची झळ तिथवर फारशी पोचत नाही. आपल्या माळावरून चालताना कपड्यांत घुसणारे कुसळ आठवते ना? तीच कुसळी जातीची गवते आफ्रिकेत आणि ऑस्ट्रेलियातही आहेत. ओल लागली की त्यांचे पिळदार कुसळ उलगडते आणि बी मातीत खुपसते. मग वरून आग गेली तरी बी सुखरूप राहते. अशा गवतांच्या भूमीला 'पडीक' म्हणून तिच्यावर सरसकट झाडे लावायला निघणे शहाणपणाचे नव्हे, असे माझे मत आहे.

आता उरला प्रश्न कधी जाळायचे, हा. याचे उत्तर उत्तर ऑस्ट्रेलियातील अर्न्हेम लँडच्या आदिवासींकडे पिढ्यान्‌पिढ्या होते. पावसाळा संपता संपता, गवत अर्धवट ओले असताना ते ठिकठिकाणी छोट्या आगी लावत. अशी आग रात्रीच्या दवाने आपोआप विझते आणि मागे जळक्या जागांची जाळी ठेवते. विसाव्या शतकात हे लोक पठार सोडून वसाहतींत गेले. पठार ओस पडले आणि कोरड्या ऋतूच्या अखेरीस प्रचंड वणवे पेटू लागले. २००६ मध्ये तेथे एक करार झाला. आदिवासींनी पुन्हा जुन्या रीतीने हंगामाच्या आरंभी जाळायचे, त्यामुळे दरसाल एक लाख टन कार्बन डाय-ऑक्साइडइतके उत्सर्जन टाळायचे आणि त्याचे पैसे डार्विन येथील नैसर्गिक वायूच्या कारखान्याने द्यायचे. या हिशेबात फक्त मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड धरतात. गवतातील कार्बन डाय-ऑक्साइड धरतच नाहीत, कारण तो उसना!

या करारात मला एक गोम दिसते. कारखाना जमिनीखालचा वायू उपसून विकणार आणि त्याच्या धुराचा बोजा हलका करायचा तो गवत जाळणाऱ्यांनी. तरीही त्या पैशामुळे जी माणसे पठार सोडून गेली होती त्यांची मुले-नातवंडे तेथे परतली, हे खोटे नाही. काहीजण अजूनही आजोबांप्रमाणे पायी हिंडत आगी लावतात आणि दुर्गम कड्यांवर हेलिकॉप्टरमधून पेटत्या गोळ्या टाकतात.