रत्ने योगायोगाने सापडू नयेत

पॅरिस येथे २०२४ साली झालेल्या पॅरालिंपिक स्पर्धांत भारताने ७ सुवर्णपदकांसह एकूण २९ पदके मिळविली. या यशाचा अभिमान कोणाला वाटणार नाही? परंतु असे खेळाडू आपल्या हाती लागतात तरी कसे, हे पाहू जाता मन थोडे खट्टू होते.

सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे सैन्यातील मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे कमरेखालील शरीर लुळे पडले. उपचार म्हणून ते पाण्यात उतरले, आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथे ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी भारताला पॅरालिंपिकमधील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. राजस्थानचे देवेंद्र झाझडिया शालेय स्पर्धेत एका प्रशिक्षकाच्या नजरेस पडले. जन्मतः दोन्ही हात नसलेली किश्तवाडची शीतल देवी सेनेच्या एका कार्यक्रमात दिसली. पायाने धनुष्य पेलणाऱ्या या मुलीने सतराव्या वर्षी राकेश कुमार यांच्या साथीने पॅरिसमध्ये कांस्यपदक पटकाविले. या तिघांनाही योगायोगाने हात दिला. योजनापूर्वक त्यांच्या शोधात कोणी निघाले नव्हते.

बरे, खेळाडू सापडला म्हणजे सारे साधले असेही नाही. झाझडियांनी २००४ साली अथेन्सला भालाफेकीचे सुवर्ण जिंकले. पण २००८ व २०१२ च्या स्पर्धांत त्यांच्या गटाची भालाफेकच नव्हती. बारा वर्षांनी, २०१६ साली रिओत, त्यांनी पुन्हा सुवर्ण जिंकले. तपश्चर्या थोर खरी, पण केवळ तपश्चर्येच्या भरवशावर क्रीडाधोरण चालत नाही. व्यंगाच्या स्वरूपावरून खेळाडूचा गट ठरतो आणि गटावरून स्पर्धा. हे गणित मुलाला व त्याच्या पालकांना वेळीच समजावून सांगणारा जाणकार शाळेतच हवा.

दिव्यांगांना क्रीडाक्षेत्रात सहभागी करून घेण्याची जबाबदारी २०१६ च्या कायद्याने शासनावर टाकली आहे. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पहिला पर्पल फेस्ट थाटात पार पडला. उत्सव अवश्य व्हावेत. त्यात आपला हात कोण धरणार! परंतु शाळेच्या क्रीडादिनी पायाने अधू मुलाच्या वाट्याला बहुधा गुण टिपण्याचेच काम येते. पेडण्यापासून काणकोणापर्यंत प्रत्येक तालुका स्पर्धेत या मुलांसाठी गोळाफेक, भालाफेक व पोहण्याच्या शर्यती ठेवाव्यात आणि क्रीडाशिक्षकांना वर्गीकरणाची प्राथमिक माहिती द्यावी, अशी आमची सूचना आहे. चाकांच्या खुर्चीतील मुलाला पाण्यापर्यंत पोचता येईल असे जलतरण तलाव गोव्यात किती आहेत, याची मोजदाद क्रीडाखात्याने येत्या उन्हाळी सुट्टीपूर्वी करून ती जाहीर करावी.