स्टोमा घेऊन गावी परतताना

आतड्याचं ऑपरेशन पुण्यात किंवा मुंबईत होतं. पोटावरचा स्टोमा घेऊन जगायचं मात्र असतं ओतूरला, घोडेगावला, नाहीतर डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला एखाद्या वाडीत. शहरातल्या रुग्णालयातून सुटी मिळालेला माणूस नव्वदेक किलोमीटरचा प्रवास करून घरी पोचतो, तेव्हा त्याच्या पिशवीत डिस्चार्ज कार्ड, गोळ्या आणि पोटाला लावायच्या दोन-चार पिशव्या असतात. त्या संपल्यावर काय करायचं, कांद्याची गोणी कधी उचलायची, लुगडं कसं नेसायचं, हे त्याला सांगायला बहुतेक वेळा कुणी नसतं. माझ्या मते स्टोमाच्या रुग्णाचे निम्मे हाल या न सांगण्यामुळे होतात.

स्टोमा म्हणजे आतड्याचं टोक पोटाच्या भिंतीतून बाहेर आणून त्वचेला शिवलेली जागा. मोठ्या आतड्याची असली तर कोलोस्टॉमी, लहान आतड्याची असली तर इलिओस्टॉमी. गुदाशयाचा कर्करोग हे त्याचं एक कारण. पण टायफॉइडने किंवा क्षयाने आतड्याला पडलेलं भोक, आतड्याला बसलेला पीळ, गाडीच्या अपघातात पोटाला लागलेला मार, अशा कारणांनी मध्यरात्री कराव्या लागणाऱ्या ऑपरेशनमध्येही स्टोमा करतात. त्यातले पुष्कळ तात्पुरते असतात. आतली जखम भरली, तपासण्या ठीक आल्या की काही महिन्यांनी आतडं पुन्हा जोडता येतं. ‘आतडं बाहेर काढलं’ हे शब्द ऐकून घर हादरतं, म्हणून तात्पुरता की कायमचा, हा प्रश्न डॉक्टरांना पहिल्याच दिवशी विचारावा.

निरोगी स्टोमा गालाच्या आतल्या बाजूसारखा लाल आणि ओलसर दिसतो. त्याला स्पर्शाची वेदना नसते. पुसताना रक्ताचा थेंब-दोन थेंब आला तर घाबरायचं कारण नाही. तो काळपट पडू लागला, किंवा पिशवीत काहीच येईना आणि पोटात कळा येऊन उलट्या सुरू झाल्या, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

ठरवून करायच्या ऑपरेशनमध्ये खरी लढाई आदल्या दिवशी जिंकली जाते. जाणकार नर्स रुग्णाला उभं करते, बसवते, वाकायला लावते आणि पोटावर पेनाने खूण करते. वळी पडणार नाही, स्वतःला दिसेल, पिशवीची चकती सपाट बसेल अशी ती जागा हवी. आपल्याकडे यात आणखी एक गोष्ट पाहायला हवी. खुरपणी उकिडवं बसून होते, म्हशीची धारही. नऊवारीचा ओचा, पाचवारीच्या निऱ्या, परकराची नाडी, धोतराची गाठ, सगळ्यांचा ताण कमरेवर येतो. खूण चुकून त्या रेषेवर आली तर चकती रोज सुटते, कपडे खराब होतात आणि बाई घराबाहेर पडायचं सोडते. म्हणून ऑपरेशनला जाताना रोजचेच कपडे नेसून जावं आणि ‘मी शेतात असं बसते’ हे नर्सला बसून दाखवावं.

पिशवी बदलणं हाताला लवकर बसतं. जुनी चकती वरून खाली, त्वचा दाबून धरत हळूहळू काढायची. भोवतालची कातडी कोमट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करायची. खोबरेल तेल, क्रीम, सुवासिक साबण काही लावायचं नाही, नाहीतर चकती चिकटत नाही. मग मोजपट्टीच्या कागदाने स्टोमाचा घेर मोजून चकतीचं भोक त्याहून दोन-तीन मिलिमीटर मोठं कापायचं. भोक मोठं राहिलं की कातडीवर मळ येतो आणि ती भाजल्यासारखी सोलवटते. लहान राहिलं तर स्टोमाला कापतं. पहिले सहा ते आठ आठवडे सूज उतरून स्टोमा लहान होत असतो, म्हणून दर वेळी नव्याने मोजायचं. चकती लावल्यावर तळहाताने थोडा वेळ दाबून धरली की उबेने नीट बसते. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची. भरेपर्यंत थांबलं तर वजनाने चकती ओढली जाते. नव्या पिशव्या पत्र्याच्या घरात माळ्यावर ठेवू नयेत, एप्रिलच्या उन्हात त्यांचा चिकटपणा जातो.

इलिओस्टॉमीवाल्यांनी पाण्याकडे विशेष लक्ष द्यावं. लहान आतड्यातून पुढे आलेलं उरलेलं पाणी आणि मीठ शोषून घेण्याचं काम मोठं आतडं करतं. तेच वगळल्यावर दोन्ही पिशवीत वाहून जातात. तहान लागली म्हणून नुसतं पाणी पीत राहिलं तर गळणं आणखी वाढतं. लिटरभर पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, किंवा दुकानातलं ओआरएस जवळ असावं. पिशवीत दिवसाला दीड लिटरच्या वर येऊ लागलं, लघवी कमी झाली, पायात गोळे आले, तर अंगावर काढू नये.

खाण्याचं पथ्य लोक गरजेपेक्षा जास्त करतात. भात, केळं, दही, मऊ भाकरी यांनी सुरुवात करून हळूहळू बरंच काही पुन्हा खाता येतं. आमच्या भागाची मासवडी मात्र इलिओस्टॉमीच्या माणसाने दोन महिने तरी लांब ठेवावी, कारण सारणातलं सुकं खोबरं आणि तीळ गोळा होऊन आतडं अडवू शकतात. मक्याचे दाणे आणि शेंगदाण्यांचंही तसंच. पुढे थोडी, बारीक चावून खायला हरकत नाही. कोलोस्टॉमीला एवढी बंधनं नसतात.

कामाचं खरं संकट हर्नियाचं. स्टोमाशेजारी पोटाची भिंत कमकुवत झालेली असते. पाठीवरचा सोळा लिटरचा फवारणी पंप भरला की वीस किलोच्या घरात जातो, कांद्याची गोणी त्याहून किती तरी जड. पहिले दोन-तीन महिने हे नकोच, आणि नंतरही डॉक्टरांना विचारून, पोटाला आधाराचा पट्टा लावून. चालणं मात्र पहिल्या आठवड्यापासून. लेण्याद्रीच्या पायऱ्याही ताकद आल्यावर चढता येतात. देवदर्शनाला, लग्नाला, पंगतीला स्टोमाच्या माणसाला अडवण्याचं काही कारण नाही. नीट लावलेल्या पिशवीचा वास येत नाही, आणि विटाळाचा विचार इथे आणणं हे आजाऱ्याला दुसऱ्यांदा आजारी पाडणं आहे.

रात्रीची अडचणही आहेच. बिबट्याच्या भीतीने जुन्नर-आंबेगावात अंधारात कुणी बाहेर पडत नाही, आणि वस्तीवर संडास घरापासून लांब असतो. झोपण्यापूर्वी पिशवी रिकामी करावी आणि घरातच झाकणाची बादली ठेवावी. वापरलेली पिशवी संडासात टाकू नये, कागदात गुंडाळून दुसऱ्या पिशवीत बांधून कचऱ्यात द्यावी.

आजची चिकटणारी पिशवी १९५४ मध्ये एलिसे सोरेन्सन या डॅनिश नर्सला सुचली. तिची बहीण ऑपरेशननंतर गळतीच्या भीतीने घराबाहेर पडेना. अमेरिकेत क्लीव्हलंडला डॉ. रूपर्ट टर्नबुल यांनी १९५८ मध्ये नॉर्मा गिल यांना या कामावर घेतलं. त्या नर्स नव्हत्या, स्वतः इलिओस्टॉमी झालेल्या रुग्ण होत्या. पुढे या विषयाचं शिक्षणच त्यांच्यापासून सुरू झालं. आपल्याकडे परळच्या टाटा मेमोरियलमध्ये स्टोमा क्लिनिक आहे आणि परिचारिकांना याचं प्रशिक्षणही मिळतं. मुंबईची ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही स्टोमाधारकांची संस्था आहे, तिचे स्टोमा असलेले स्वयंसेवक नव्या रुग्णांना भेटतात.

हे सगळं तालुक्यापर्यंत यायला हवं. चांगली पिशवी तीन-चार दिवस टिकते, म्हणजे महिन्याला आठ-दहा लागतात. शेतमजुराच्या रोजातला मोठा वाटा त्यात जातो आणि परवडेनाशी झाली की लोक दुधाची पिशवी कापून फडक्याने बांधतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांतही स्टोमाचं नाव नाही. मंचरचं उपजिल्हा रुग्णालय, जुन्नर आणि नारायणगावची ग्रामीण रुग्णालयं इथे प्रत्येकी एक नर्स टाटाला पाठवून शिकवून आणावी, आठवड्यातला एक दिवस स्टोमासाठी ठेवावा आणि पिशव्यांचा साठा औषधांबरोबर मिळावा. आणि ज्यांनी स्टोमासह चार-पाच वर्षं शेती केली आहे, त्यांनी त्या दिवशी तिथे येऊन बसावं.